वाद्य आणि वादक : संगीतशिक्षणातील एक नैतिक प्रश्न

१

कलेच्या शिक्षणाविषयी मराठीत जी चर्चा होते तिचा रोख बहुधा पद्धतीवर असतो. गुरुगृही तालीम की विद्यालय, मौखिक परंपरा की स्वरलिपी, वर्षानुवर्षांचा रियाज की आठ-दहा दिवसांचे शिबिर, असे पर्याय समोरासमोर ठेवले जातात आणि त्यांचे गुणदोष मोजले जातात. ही चर्चा निरर्थक नाही. परंतु तिच्या आधी येणारा एक प्रश्न तिच्यात सहसा विचारला जात नाही. एका समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले संगीत दुसऱ्या समाजातील तरुणांना शिकवले जाते, तेव्हा त्या व्यवहारात कोण कोणाला काय देतो, आणि घेणाऱ्यावर कोणते उत्तरदायित्व येते? हा प्रश्न वरवर सौंदर्यशास्त्राचा वाटला तरी मुळात नीतिशास्त्राचा आहे.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत तो केवळ तात्त्विक राहत नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९९४ साली झाली. त्याच्या कक्षेतील महाविद्यालये युवक महोत्सवाची तयारी करतात तेव्हा लोकवाद्यवृंद, शाहिरी, लोकनृत्य अशा प्रकारांसाठी हलगी, डफ, संबळ वाजवणारा कोणी तरी लागतोच. राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची लोककला प्रशिक्षण शिबिरेही याच प्रकारची गरज भागवतात. अशा वेळी ज्याच्या घरात ते वाद्य आहे त्याला बोलावले जाते, तो काही दिवस शिकवतो, विद्यार्थी ठेका उचलतात, प्रयोग होतो. पारितोषिक महाविद्यालयाच्या नावे लागते आणि वादक गावी परततो. या साऱ्यात कोणाची फसवणूक झाली असे म्हणता येत नाही. तरीही काही तरी हिशेबाबाहेर राहिले, ही जाणीव पुसता येत नाही. ते काय राहिले, याचा शोध घेणे हे प्रस्तुत विवेचनाचे प्रयोजन आहे.

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे उपलब्ध आहेत. पहिले उत्तर असे की संगीताला जात, धर्म, देश नसतो. जो शिकेल त्याचे ते असते. दुसरे उत्तर याच्या नेमके उलट: संगीत हे त्या त्या समाजाचे धन आहे आणि त्याबाहेरच्याने त्याला हात लावणे हे एक प्रकारचे अपहरण आहे. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, एवढेच नव्हे तर दोन्हींच्या आड अन्याय निर्धास्तपणे लपू शकतो, असे येथे दाखवावयाचे आहे.

२

प्रथम मालकीचा विचार करू. मराठवाड्यातील लोकसंगीताचा शब्दसंग्रह तपासला तर 'आपले' आणि 'परके' या कोटी किती ठिसूळ आहेत ते लगेच कळते. 'शाहीर' हा शब्द अरबी 'शाइर'पासून आला. शाहिराच्या हातातला 'डफ' हाही अरबी. 'नगारा', 'रबाब', 'मैफल', 'गझल', 'रियाज' यांचे मूळ अरबीतच सापडते. 'तबला' या नावामागेही अरबी 'तब्ल' आहे. हे शब्द फारसीमार्फत आणि दख्खनी मुसलमानी राजवटींच्या दीर्घ सहवासातून मराठीत उतरले. पोवाड्यासारखा मराठी अस्मितेचा मानबिंदू समजला जाणारा प्रकार गाणाऱ्याचे नाव आणि त्याच्या वाद्याचे नाव दोन्ही अरबी आहेत. परंतु यामुळे पोवाडा कमी मराठी ठरत नाही. रा. चिं. ढेरे यांच्या 'मुसलमान मराठी संतकवी' या ग्रंथाने किंवा लातूर जिल्ह्यातील निलंग्यात जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडी यांच्या सूफी संप्रदायावरील लेखनाने या अभिसरणाचे जे दर्शन घडवले आहे, त्यानंतर मूळ कोठले यावरून मालकी ठरवण्याचा मार्ग अभ्यासकांना मोकळा राहिलेला नाही.

भालचंद्र नेमाडे यांनी मांडलेल्या देशीवादाच्या परिप्रेक्ष्यातून पाहिले तर डफ निःसंशय देशी ठरतो. वस्तूचे उगमस्थान नव्हे, तर तिने या भूमीत धरलेले मूळ आणि येथील जगण्याशी जडलेला तिचा अनुबंध महत्त्वाचा. ही भूमिका शुद्धतावादापेक्षा कितीतरी अधिक समंजस आहे. तथापि तिच्यात एक प्रश्न अनुत्तरित राहतो. वस्तू रुजली हे खरे, पण ती ज्याच्याबरोबर आली त्या माणसाचे काय झाले? वस्तूला देशीपणाचे प्रमाणपत्र देणारी संस्कृती त्या माणसालाही ते देते का?

याच ठिकाणी 'कला सर्वांची' हे पहिले उत्तरही तपासले पाहिजे. मराठीत त्याला भक्कम सैद्धांतिक आधार आहे. बा. सी. मर्ढेकरांनी कलाकृतीची लयबद्ध घटना हाच सौंदर्याचा निकष मानला. संवाद, विरोध आणि समतोल ही तत्त्वे वादकाचे नाव-गाव विचारत नाहीत. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात अध्यापन केलेल्या नरहर कुरुंदकरांनी मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराची चिकित्सा केली, आणि रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'ने तर स्वायत्ततेची आणि लौकिकतेची अशी दोन टोके सौंदर्यविचारात अटळपणे असतात हे दाखवले. संगीत हे स्वायत्ततेच्या टोकाजवळचे मानले जाते. म्हणूनच संगीतशिक्षणात माणूस विसरणे सर्वांत सोपे असते. कादंबरी शिकवताना दलित पात्राचे दुःख टाळता येत नाही. हलगीचा ठेका शिकवताना मात्र हलगीवाल्याचे दुःख सहज टाळता येते. आकृतीची स्वायत्तता मान्य करावी, पण तिच्या आडोशाने शिकणाऱ्याची जबाबदारी रद्द होते असे समजू नये, एवढा विवेक या ठिकाणी आवश्यक आहे.

३

संगीत ठेवून घेतले आणि माणूस गेला, अशी उदाहरणे विसाव्या शतकाच्या मध्यास आश्चर्यकारक जवळिकीने घडली. त्यांपैकी तिघांचा येथे विचार करू.

पहिले उदाहरण अरब जगातले. १९३२ साली राजा फुआद यांच्या आश्रयाने कैरो येथे अरब संगीताची परिषद भरली. बेला बार्टोक, पॉल हिंडेमिथ, कुर्ट झाक्स यांच्यासारखे युरोपीय संगीतकार-अभ्यासक तिला उपस्थित होते. परिषदेत इराकचा जो संच आला त्याचे गायक मुहम्मद अल्-कुब्बांजी हे मुसलमान होते आणि त्यांना साथ करणारे बहुतेक वादक बगदादचे यहुदी होते. इराकी मकाम म्हणजे त्या देशाचे अभिजात संगीत. त्याचे वादन मोठ्या प्रमाणात यहुदी कुटुंबांनी सांभाळले होते. १९५०-५१ या दोन वर्षांत इराकमधील सुमारे सव्वा लाख यहुद्यांनी देश सोडला आणि हे वादकही इस्रायलला गेले. मकाम बगदादमध्ये राहिला, त्याची प्रतिष्ठाही राहिली. ज्यांच्या बोटांत तो होता ती माणसे मात्र राहिली नाहीत. नव्या देशात अरबी संगीत ही त्यांची ओळख नव्हे तर अडचण ठरली.

दुसरे उदाहरण नांदेडच्या अगदी जवळचे आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंग येथे निवर्तले आणि तख्त सचखंड श्री हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक झाले. गुरू ग्रंथ साहिबची रचना रागांनुसार आहे; त्यात मुख्य एकतीस राग आहेत. त्याच ग्रंथात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत, आणि तिलंग रागातील त्यांचे एक पद अरबी-फारसी शब्दांनी भरलेले आहे. नांदेडच्या विद्यार्थ्याला हा ग्रंथ परका नाही. नरसीचा नामदेव त्यात आहे. गुरू नानकांबरोबर रबाब वाजवणारे भाई मर्दाना जन्माने मुसलमान होते, आणि त्यांच्या परंपरेतील मुसलमान रबाबी शतकानुशतके गुरुद्वारांत कीर्तन करीत आले. विसाव्या शतकातील गुरुद्वारा-सुधारणेनंतर त्यांचे स्थान आक्रसत गेले आणि १९४७ च्या फाळणीत ते पाकिस्तानात गेले. तेथे त्यांच्याजवळ शबद होते, श्रोते नव्हते. येथे श्रोते होते, पण रबाबी नव्हते. पुढे १९९१ साली लुधियानाजवळच्या जवद्दी येथे भरलेल्या गुरमत संगीत संमेलनापासून तंतुवाद्यांच्या पुनरुज्जीवनाला जोर आला. तरुण पुन्हा रबाब, सारंदा, ताऊस शिकू लागले. हे पुनरुज्जीवन स्तुत्य आहे. परंतु वाद्य परत आले म्हणून ते वाजवणारा समाजही परत आला असे होत नाही.

तिसरे उदाहरण मराठवाड्याच्या स्वतःच्या इतिहासातले असून सर्वांत कमी बोलले जाणारे आहे. निजामाच्या राज्यात हद्रमौतहून आलेले अरब शिपाई मोठ्या संख्येने होते. नांदेड-हिंगोलीच्या परिसरात नौसाजी नाईक या हटकर सरदाराने १८१९ साली नोव्ह्याच्या गढीत जो प्रतिकार केला त्यातही अरब लढले होते. हैदराबादेत या अरबांचे 'मरफा' हे तालसंगीत रूढ झाले: नगारा, डफ आणि काठ्यांच्या ठोक्यांवर लग्नात, मिरवणुकीत नाचवणारे. अरबांबरोबर आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनीही ते जोपासले. नांदेड आणि लातूर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत याच संस्थानात होते. रझाकारांच्या अत्याचारांनी होरपळलेल्या या भागाला मुक्तीचा जो आनंद झाला तो खरा आहे. पण त्याच काळात अनेक अरबांना स्थानबद्ध करून पुढे देशाबाहेर पाठवले गेले, हेही खरे आहे. मुक्तीनंतरच्या हिंसेत सर्वाधिक हानी सोसलेल्या जिल्ह्यांत सुंदरलाल समितीने उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावे दिली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. हैदराबादच्या बार्कस भागात काही अरब कुटुंबे राहिली आणि मरफाही राहिला. आज तो वाजवणाऱ्यांत आणि त्यावर नाचणाऱ्यांत अरबेतर माणसेही आहेत.

या तीन घटनांची राजकीय कारणे एकमेकांहून अगदी भिन्न आहेत आणि त्यांना एका मापाने मोजणे इतिहासाशी अप्रामाणिक ठरेल. त्यांतून निघणारा नैतिक प्रश्न मात्र एकच आहे. संगीत जतन झाले म्हणजे परंपरा जतन झाली, असे म्हणता येईल का?

४

यावर एक आक्षेप संभवतो. माणूस गेला ही दुःखाची गोष्ट खरी, पण ती राजकारणाची बाब झाली. संगीताचे त्यात काय बिघडले? आकृती टिकली की कलेचे काम झाले. या आक्षेपाचे उत्तर कानाला विचारले पाहिजे.

अरब संगीतातील रास्त किंवा बयाती हे मकाम घेतले तर त्यांत असे स्वर येतात जे कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कोठे तरी असतात. नेमके कोठे, हे शहर, मकाम आणि गायक यांनुसार बदलते. कैरोच्या परिषदेत यावरच मोठा वाद झाला. सप्तकाचे चोवीस समान भाग करून हे स्वर कायमचे निश्चित करावेत काय? पियानो स्वीकारावा काय? गंमत अशी की अरबी संगीत जसे आहे तसे राहावे असा आग्रह युरोपीय अभ्यासकांपैकी अनेकांचा होता, तर बदल हवा असणाऱ्यांत इजिप्तचे लोक पुढे होते. भारतातील संगीताभ्यासकांना हा वाद ओळखीचा वाटावा. पेटीच्या बांधलेल्या स्वरांमुळे श्रुतींची हानी होते, या कारणास्तव १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती १९७० च्या दशकात शिथिल झाली. २०२२ साली अकाल तख्ताने सुवर्णमंदिरातील कीर्तनातून पेटी टप्प्याटप्प्याने काढण्याचा निर्देश दिला, त्यामागेही तंतुवाद्यांच्या पुनःस्थापनेचीच भूमिका होती.

वाद्याच्या चांगले-वाईटपणापेक्षा या वादातून निघणारा बोध अधिक मोलाचा आहे. दोन पट्ट्यांच्या मधला स्वर कागदावर चिन्हाने दाखवता येतो; पण तो चिन्हात नसतो. तो ज्याने लहानपणापासून ऐकला त्याच्या कानात असतो आणि त्याच्या शेजारी बसूनच दुसऱ्याच्या कानात उतरतो. पेटीवर तयार झालेल्या मराठवाड्यातील मुलाला रास्तचा गांधार पहिल्यांदा ऐकताना बेसूर वाटेल. त्याला तो सुरेल वाटू लागण्यासाठी जे घडावे लागते त्याचेच नाव शिक्षण, आणि ते घडण्यासाठी कोणा तरी माणसावर विश्वास टाकावा लागतो: 'मला हे चुकीचे वाटते आहे, पण हा म्हणतो म्हणजे बरोबर असेल.' हा विश्वास म्हणजेच ऋणाचा पहिला हप्ता. तेव्हा वादक नाहीसा होणे ही केवळ संगीताबाहेरची दुर्घटना नसते. ज्याच्यावर विश्वास टाकावयाचा तोच नसेल तर परंपरेतील मधले स्वर हळूहळू जवळच्या पट्टीवर येऊन बसतात. आकृती टिकली असे वाटते, पण टिकलेली आकृती मूळची नसते. नैतिक हानी आणि कलात्मक हानी येथे वेगळ्या करता येत नाहीत.

५

आतापर्यंतच्या विवेचनावरून असे वाटेल की वादकाला त्याच्या वाद्याशी जोडून ठेवणे हाच उपाय. हलगीचे उदाहरण हा निष्कर्ष उधळून लावते.

मराठवाड्याच्या गावगाड्यात हलगी वाजवणे हे मातंग समाजाकडे लादलेले काम होते. लग्नाची वरात, पोळा, जत्रा, अंत्ययात्रा, दवंडी, जेथे बोलावणे येईल तेथे जाणे. विस्तवावर कातडे तापवून हलगी चढवणे. सर्वांत पुढे चालणे आणि पंगतीत सर्वांत शेवटी बसणे. तिच्या ठेक्यांत असाधारण कौशल्य आहे, यात संशय नाही. पण ते कौशल्य निवडीतून आलेले नव्हते. अॅलस्डेअर मॅकिन्टायर यांनी १९८१ साली 'आफ्टर व्हर्च्यू' या ग्रंथात कोणत्याही साधनेची अंतर्गत आणि बाह्य अशी दोन प्रकारची श्रेये कल्पिली आहेत. वादनातील परिपूर्णता हे अंतर्गत श्रेय; पैसा, मान ही बाह्य श्रेये. अंतर्गत श्रेयासाठी साधना करणाऱ्यात सद्‌गुण रुजतात, असा त्यांचा विचार. हलगी या विचाराची कठोर परीक्षा घेते. जी साधना करणाऱ्याला अंतर्गत श्रेय देते, पण ती सोडण्याचे स्वातंत्र्य देत नाही, तिला साधना म्हणावे की वेठ?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले. गावकीची हीन मानलेली कामे नाकारणे हा मुक्तीचा पहिला पाठ झाला आणि त्या नकारात वाद्यही आले. नकाराची किंमत मोठी होती. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावरून १९७८ साली उसळलेल्या हिंसेत नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. ते मातंग समाजातील होते. ज्या व्यवस्थेत ताठ मानेने जगण्यासाठी माणसाला प्राण द्यावा लागतो, त्या व्यवस्थेत 'तुमची कला जपा' हा उपदेश किती कोरडा ठरतो हे वेगळे सांगावयास नको. मालेगावच्या खंडोबाच्या यात्रेत वाघ्या-मुरळीची गाणी ऐकून भारावणाऱ्या अभ्यासकानेही हे लक्षात ठेवले पाहिजे की मुरळीचे गाणे सुंदर आहे म्हणून मुलगी देवाला वाहण्याची प्रथा समर्थनीय होत नाही. अशी प्रथा बंद होऊन त्यात एखादे गाणे लोपले तर तो तोटा सोसण्याजोगा आहे.

परंतु नकार हा कथेचा शेवट नाही. आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला, गण-गवळण टाकली आणि तेच ताल प्रबोधनासाठी वापरले; भीमराव कर्डकांचे जलसे आणि वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांची गाणी ही त्याची साक्ष आहे. अण्णा भाऊ साठे यांनी १९४४ साली अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले, तेथे डफ हे वेठीचे नव्हे तर संघर्षाचे वाद्य झाले. तमिळनाडूत डिंडिगुल येथील शक्ती लोककला केंद्रात १९९० पासून दलित तरुणी पराई हे वाद्य शिकत आहेत. अंत्ययात्रेत वाजवले जाते म्हणून अस्पृश्य मानलेले आणि पुरुषांकडेच असलेले हे वाद्य त्यांनी रंगमंचावर ताठ उभे राहून हाती घेतले. या सर्व उदाहरणांत वाद्य तेच असले तरी ते घेण्या-न घेण्याचा अधिकार हलला आहे. वाद्य सोडावे, ठेवावे की बदलावे, हे ठरवण्याचा अधिकार वादकाकडे आला. इजिप्तच्या लोकांना बदल हवा असताना त्यांना शुद्धतेचा पाठ देणाऱ्या पाहुण्यांची अडचण नेमकी हीच होती. परंपरेवरील अधिकारात ती बदलण्याचा आणि टाकण्याचा अधिकारही येतो, हे बाहेरच्या रसिकाला सहसा रुचत नाही.

६

तेव्हा अन्याय दोन प्रकारचे संभवतात. एक, संगीत ठेवून माणूस घालवणे. दोन, संगीतासाठी माणूस जखडून ठेवणे. 'कला सर्वांची' म्हणणाऱ्याला पहिला अन्याय दिसत नाही, कारण त्याच्या हिशेबात माणूस नाहीच. 'ज्याची त्याची कला' म्हणणाऱ्याला दुसरा दिसत नाही, कारण त्याने माणसाला त्याच्या जन्माशीच बांधले आहे. एवढेच नव्हे, तर दुसरी भूमिका पहिल्या अन्यायालाही जन्म देते. रबाबींना कीर्तनातून दूर करताना पुढे केलेला विचार शुद्धतेचाच होता: जो संप्रदायात नाही त्याने संप्रदायाचे गाऊ नये. मर्दानांचा रबाब ज्या परंपरेच्या पायाशी आहे तिलाही हा विचार टाळता आला नाही.

या पेचातून वाट काढण्यासाठी ऋण ही संकल्पना उपयोगी पडते. मालकी वस्तूवर असते, ऋण माणसाचे असते. मार्सेल मॉस यांनी १९२५ साली दानाविषयीच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवले की दान कधीच निव्वळ वस्तूचे हस्तांतर नसते; ते घेणाऱ्याला देणाऱ्याशी बांधते. आपल्याकडील ऋणत्रयाच्या कल्पनेत ऋषिऋण आहे आणि ते अध्ययनाने फिटते. परंतु या यादीत एक गोम आहे. ऋषी म्हणून ज्याची गणना होते त्याचेच ऋण त्यात मोजले जाते. हलगी शिकवणारा, मरफा वाजवणारा, परधर्मी रबाबी यांची गणना ऋषींत कोणी केली नाही. म्हणून त्यांच्याकडून घेतलेले ज्ञान बिनऋणी राहिले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की शतपथ ब्राह्मणाने देव, ऋषी आणि पितर यांच्याबरोबर चौथे मनुष्यऋणही सांगितले आहे आणि ते आतिथ्याने फेडावयाचे असते. रूढ ऋणत्रयाच्या बोलण्यात हे चौथे ऋण मागे पडले. संगीताच्या शिबिराला खरी गरज त्याचीच आहे.

आतिथ्य याचा येथे शब्दशः अर्थ घेता येतो. शिकवणाऱ्याला शिबिरात कोठे बसवले जाते, पंगतीत त्याचे पान कोठे मांडले जाते, प्रयोगाच्या वेळी त्याचे नाव घेतले जाते की नाही, मानधन विषयतज्ज्ञाला मिळते तेवढे मिळते की बिदागी म्हणून हातावर ठेवले जाते, या गोष्टी वरवर क्षुल्लक आहेत. पण गावगाड्याने अपमान नेमका याच क्षुल्लक गोष्टींतून केला होता. दुसरी कसोटी अशी की शिकवणाऱ्याला नाही म्हणता आले पाहिजे. 'माझ्या मुलाला मी हे वाद्य शिकवणार नाही, त्याला अभियंता व्हायचे आहे' असे तो म्हणाला तर परंपरा बुडाल्याचा शोक त्याच्या दारात करू नये. आणि तिसरी कसोटी, जी सर्वांत अवघड आहे: शिकवणारा समाज आज समोर नसेल तर तो का नाही, हे विद्यार्थ्यास सांगितले पाहिजे. रबाब शिकवताना १९४७ आणि मकाम शिकवताना १९५१ ही वर्षे टाळू नयेत; मरफाविषयी बोलताना मराठवाड्यातील वर्गात १९४८ च्या दोन्ही बाजू उच्चारल्या गेल्या पाहिजेत. ठेका याने बिघडत नाही. उलट तो कोणाकडून आला हे हाताला कळते.

हा निकष केवळ दुसऱ्याचे संगीत घेणाऱ्यांनाच लागू आहे असेही नव्हे. पॅलेस्टाईनमध्ये रमझी अबुरेदवान यांनी २००२ साली स्थापन केलेली अल्-कमंदजाती ही संस्था निर्वासित छावण्यांतील मुलांना संगीत शिकवते. तेथे शिकवणारे आणि शिकणारे एकाच समाजाचे आहेत, आणि समाजच उखडला जात असताना आपले संगीत शिकणे हे तेथे अस्तित्वाचे विधान ठरते. अशा मुलांजवळचा मकाम आणि नांदेडच्या वर्गातला मकाम यांत स्वर तेच असले तरी त्यांचा भार सारखा नाही. नांदेडच्या विद्यार्थ्याने तो शिकू नये असे यातून निघत नाही. त्याने तो हलका समजू नये, इतकेच निघते.

मराठवाड्याला परके संगीत शिकण्याची सवय शतकांची आहे. शाहिराचा डफ हा त्याचा पुरावा. ज्यांनी तो दिला त्यांची नावे इतिहासाने राखली नाहीत, आणि त्याचे ऋण आता कोणालाही व्यक्तिशः फेडता येणार नाही. हलगीचे ऋण मात्र अजून फेडता येण्याजोगे आहे, कारण ती वाजवणारा माणूस त्याच तालुक्यात, त्याच बसने येणारा आणि जाणारा, हयात आहे. शिबिर त्याला काय मानते यावर त्या शिबिरात संगीत शिकवले गेले की केवळ ठेके, हे ठरणार आहे.